धातू किती, एवढंच विचारून भागणार नाही

धातूंच्या नॅनोकणांची बाजू मांडताना आज चार वाक्यं हमखास ऐकू येतात. शेतकरी मेळाव्यात ती ऐकू येतात, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर ऐकू येतात आणि बंगळुरूच्या गृहसंकुलांत सांडपाण्याचा विषय निघाला की तिथेही ऐकू येतात. पहिलं वाक्य: जस्त, तांबं, लोखंड मातीत मुळातच असतं, त्याचेच बारीक कण पडले तर बिघडलं काय? दुसरं: मात्रा इतकी कमी असते की ती हिशेबात धरायचीही गरज नाही. तिसरं: कुंडीत घालून बघितलं, रोप तरारून वाढलं. आणि चौथं, थोडं अभ्यासू: सांडपाण्यातून चांदीचे कण आलेच, तर वाटेत गंधक त्यांना बांधून टाकतं आणि ते निरुपद्रवी होतात.

यांतलं कुठलंही वाक्य धादांत खोटं नाही. प्रत्येकात खऱ्याचा अंश आहे, आणि म्हणूनच त्यांचा प्रतिवाद सावकाश, मुद्द्यागणिक करावा लागतो. पण या चार वाक्यांची बेरीज करून ‘माती सुरक्षित आहे’ असं जे उत्तर काढलं जातं, ते चुकीचं आहे. ते कुठे चुकतं, हे बघायला महादेवपुऱ्याइतकी योग्य जागा मला दुसरी दिसत नाही.

बंगळुरूच्या पूर्वेला व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी, बेळ्ळंदूर, वर्तूर हा सगळा पट्टा महादेवपुरा मतदारसंघात येतो. संगणक कंपन्यांचे काचेचे इमले इथेच आहेत, आणि शहराच्या मैलापाण्याचा मोठा वाटा ज्यात उतरतो तेही इथलंच बेळ्ळंदूर तळं. 2015, 2017 आणि 2018 मध्ये या तळ्यावर आग लागल्याची दृश्यं देशभर पाहिली गेली. डिसेंबर 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्य सरकारला 50 कोटींचा दंड केला तो याच प्रकरणात. आग आणि फेस डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांच्यावर खटले उभे राहतात. मला ज्याबद्दल बोलायचं आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

इथलं सांडपाणी अनेक वाटांनी मातीत जातं. मोठ्या गृहसंकुलांचे आपापले एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प, आहेत. त्यांचं प्रक्रिया केलेलं पाणी बागांना सोडलं जातं. सेप्टिक टाक्या उपसणारे टँकर शहराच्या कडेच्या शेतांवर मैला नेऊन ओततात, आणि शेतकरी तो खत म्हणून पैसे देऊनही घेतात. वर्तूरच्या खालच्या अंगाला तळ्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं भात आणि पालेभाज्या पिकल्या. आणि 2018 पासून कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातल्या शुद्धीकरण केंद्रांचं पाणी पंपांनी उचलून कोलार जिल्ह्यात नेलं जातं. रोज 440 दशलक्ष लिटर पाण्याची ही योजना 126 तलाव भरण्यासाठी आखली गेली. कोलार म्हणजे टोमॅटो आणि तुती. तिथल्या कोरड्या बोअरवेलना या पाण्याने पुन्हा पाणी आलं, आणि त्या शेतकऱ्यांचा आनंद मी कधीच कमी लेखणार नाही. म्हणूनच त्या पाण्याबरोबर काय येतं, हे विचारण्याचा त्यांचा हक्क इतर कुणाहीपेक्षा मोठा आहे.

आता पहिलं वाक्य घेऊ: धातू तो धातूच.

‘करंट सायन्स’ या नियतकालिकात 2006 साली लोकेश्वरी आणि चंद्रप्पा यांचा बेळ्ळंदूर तळ्यावरचा अभ्यास आला. तळ्याचं पाणी, त्यावर भिजणारी माती आणि त्या मातीतली पिकं यांत त्यांनी जस्त, तांबं, निकेल, क्रोमियम, शिसं, कॅडमियम मोजलं. धातू पाण्यातून मातीत आणि मातीतून पिकात उतरतात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. फार मोलाचं काम आहे ते. पण त्या काळच्या सर्वच मोजण्यांप्रमाणे त्यातही धातू एकूण किती एवढंच कळतं. नमुना आम्लात विरघळवला की त्यातलं जस्त क्षाराच्या रूपात होतं, मातीच्या खनिजात अडकलेलं होतं की वीस नॅनोमीटरच्या ऑक्साइडच्या कणात होतं, हा तपशील आम्लाबरोबरच नाहीसा होतो. आज जवळजवळ वीस वर्षांनीही आपले बहुतेक अहवाल तिथेच थांबलेले आहेत, आणि ‘धातू तो धातूच’ हे वाक्य त्याच अपुऱ्या मोजणीच्या आधारावर उभं आहे.

रूपाने फरक का पडतो, याचं गणित शाळकरी आहे. एक मिलिमीटर बाजूचा घन घ्या आणि त्याचे दहा नॅनोमीटर बाजूचे घन करा. वजन तेवढंच राहतं, पण उघडा पृष्ठभाग एक लाख पटींनी वाढतो. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होतात. जिवाणूच्या भिंतीला चिकटणं, आयन सोडणं, पेशीला जाळणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार करणं, हे सगळं तिथेच घडतं. मातीत आधीपासून असलेलं जस्त बहुतांशी दगडाच्या कणांत कोंडलेलं असतं. त्याचा दाखला देऊन नॅनोकणांना निर्दोष ठरवणं म्हणजे डोंगरातल्या दगडाकडे बोट दाखवून सिमेंटची धूळ फुप्फुसाला चालते असं म्हणण्यासारखं आहे.

आणि हा निव्वळ तर्क नाही. 2015 साली जूडी आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न प्रयोगात उभा केला. त्यांनी मैलागाळाचे वेगवेगळे प्रकार तयार करवले. एकात चांदी, जस्त ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड नॅनोकणांच्या रूपात शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत सोडलेले होते. दुसऱ्यात तेच धातू साध्या, विरघळलेल्या किंवा जाड रूपात. हे गाळ मातीत मिसळून, महिनोन्महिने मुरू देऊन, त्यात लसूणघासाच्या कुळातली एक शेंगवर्गीय वनस्पती लावली. नॅनोकणांच्या गाळातल्या रोपांच्या मुळांवर गाठी खूपच कमी धरल्या, मातीतल्या जिवाणूंची रचना बदलली आणि रोपाने जस्तही जास्त उचललं. धातू तोच होता, वाट तीच होती, फरक रूपाचा होता. एकूण धातू मोजून सुरक्षिततेचा दाखला देणाऱ्या प्रत्येकाने या प्रयोगाला उत्तर दिलं पाहिजे.

मुळांवरच्या गाठी म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या सोयाबीन किंवा तूर लावणाऱ्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्या गाठींत रायझोबियम राहतो आणि हवेतला नत्र पिकाला बांधून देतो. ते काम फुकट होतं, म्हणून त्याची किंमत आपल्याला दिसत नाही.

दुसरं वाक्य मात्रेचं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या कोलमन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे आठवावा लागतो. त्यांनी प्रयोगशाळेच्या काचेच्या बशीऐवजी उघड्यावरच्या मोठ्या मातीच्या खोक्यांत, खऱ्या ऊनपावसात काम केलं. मैलागाळातून चांदीचे नॅनोकण दिले. प्रमाण होतं एक किलो मातीला 0.14 मिलिग्रॅम. याहून कमी काय घ्यायचं? तरीही तिथल्या एका वनस्पतीची जमिनीवरची वाढ सुमारे एकतृतीयांशाने घटली, मातीतल्या सूक्ष्मजीवांचं एकूण वजन 35 टक्क्यांनी कमी झालं आणि मातीतून बाहेर पडणारा नायट्रस ऑक्साइड 4.5 पट वाढला. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ तीनशे पट उष्णता धरून ठेवतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी साधी गोष्ट अशी, की पिकाला मिळायचा नत्र हवेत उडून गेला.

‘अत्यल्प’ हा शब्द माणसाच्या मापाचा आहे. एक ग्रॅम मातीत जिवाणूंची संख्या कोटींत असते आणि त्यांच्या मापाने अत्यल्प काय ते आपण ठरवू शकत नाही. त्यातही नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर यांच्यासारखे, अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात आणि धातूंना चटकन बळी पडतात. मिसुरी विद्यापीठात चोई आणि हू यांनी 2008 मध्येच दाखवलं होतं की पाच नॅनोमीटरहून लहान चांदीचे कण याच जिवाणूंची वाढ विशेष करून रोखतात. शेतात टाकलेला युरिया पिकाच्या मुळापर्यंत नायट्रेट होऊन पोचतो तो यांच्या हातून. महादेवपुऱ्यातल्या प्रत्येक एसटीपीच्या टाकीतही हेच जिवाणू कामाला असतात.

चांदी येते कुठून, असं कुणी विचारेल. घामाचा वास रोखणारे मोजे, खेळाचे कपडे, जंतुनाशक लेप, रंग, पाण्याची गाळणी यांतून ती येते. ॲरिझोनातल्या बेन आणि वेस्टरहॉफ यांनी 2008 मध्ये बाजारातले असे मोजे नुसत्या पाण्यात धुऊन बघितले, तर काहींमधली जवळजवळ सगळी चांदी पहिल्या काही धुण्यांतच निघून गेली. सनस्क्रीनमधून जस्त आणि टायटॅनियम येतं. जिथे मध्यमवर्गाची खरेदी सगळ्यात आधी बदलते, अशा वस्तीत या वस्तूंचं पाणी सगळ्यात आधी नाल्यात जातं, हे समजायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने देशभरच्या शुद्धीकरण केंद्रांतल्या गाळाची पाहणी 2009 मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात 84 च्या 84 नमुन्यांत चांदी सापडली. सर्वाधिक आकडा होता किलोला 856 मिलिग्रॅम. आणि आपल्याकडे? खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी धातूंच्या मर्यादा घातलेल्या आहेत: जस्त किलोला 1000 मिलिग्रॅम, तांबं 300, शिसं 100, निकेल 50, क्रोमियम 50, कॅडमियम 5, आणि आर्सेनिक व पारा. या यादीत चांदीचं नाव नाही. कणांच्या आकाराचा तर उल्लेखही नाही. जे मोजलंच जात नाही, ते मर्यादेत आहे असं प्रमाणपत्र कोण कशाच्या जोरावर देणार?

चौथं वाक्य मी आधी घेतो, कारण ते अभ्यासू माणसांचं आहे आणि त्यातला खऱ्याचा अंश मोठा आहे. स्वित्झर्लंडमधल्या केगी आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रायोगिक शुद्धीकरण केंद्रात चांदीचे कण सोडून बघितले. बहुतेक चांदी गाळात बसली आणि तिचं सिल्व्हर सल्फाइड झालं. हे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून त्याचा जहालपणा पुष्कळ उतरतो. हे मला पूर्ण मान्य आहे. पण कोलमन यांच्या आणि जूडी यांच्या प्रयोगांतही गाळच होता, गंधकही होतं, आणि तरी परिणाम दिसले. शिवाय ऑस्ट्रेलियात चवळी आणि गहू यांवर झालेल्या कामात सिल्व्हर सल्फाइडचे नॅनोकण रोपांनी आत घेतले आणि त्यांच्या वाढीला त्याने बाधा आली, असं आढळलं. जहालपणा कमी होणं आणि धोका संपणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर मोजल्याशिवाय ओलांडता येत नाही. त्यातून गाळ शेतात एकदाच टाकला जात नाही. दरवर्षी टाकला जातो, आणि धातू कुजून जात नाही.

राहिलं तिसरं वाक्य, कुंडीतल्या तरारलेल्या रोपाचं. यालाच सगळ्यात जास्त माणसं भुलतात, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

नॅनोकणांनी पीक वाढतं, हे खरं आहे आणि आपल्या शेजारीच सिद्ध झालेलं आहे. तिरुपतीला प्रसाद आणि सहकाऱ्यांनी भुईमुगावर जस्त ऑक्साइडच्या नॅनोकणांचे प्रयोग केले. 2012 मध्ये ते प्रसिद्ध झाले. नेहमीच्या जस्ताच्या पंधराव्या हिश्शाइतक्या मात्रेत फवारणी करून शेंगांचं उत्पादन 25 टक्क्यांहून अधिक वाढलं. भारतातल्या साधारण 36 टक्के जमिनींत जस्ताची कमतरता असताना हा निकाल झटकून टाकणं बेजबाबदारपणाचं ठरेल. पण त्याच अभ्यासात पुढे लिहिलं आहे की बियाण्याला दिलेली मात्रा 1000 पीपीएमवरून 2000 पीपीएमवर नेली, तर तीच गोष्ट वाढ खुंटवायला लागते. उपकार आणि अपकार यांच्यामध्ये फक्त दुप्पट मात्रेचं अंतर. आपल्या शिवारात पंपाच्या टाकीत झाकणाने औषध मोजलं जातं, आणि कीड जास्त दिसली की झाकणं वाढतात. तिथे दुप्पट व्हायला कितीसा वेळ लागतो?

दुसरं म्हणजे, रोप बघून मातीचा निकाल देता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या प्रिस्टर, होल्डन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सोयाबीन शेतातून आणलेल्या मातीत, दाणे भरेपर्यंत वाढवलं. जस्त ऑक्साइडचे नॅनोकण घातलेल्या मातीतलं सोयाबीन दिसायला चांगलंच होतं; पण जस्त पानांत आणि दाण्यांतही साठलेलं होतं. सीरियम ऑक्साइडचे नॅनोकण घातलेल्या मातीत मधल्या आणि चढ्या मात्रेला मुळांची नत्र बांधण्याची क्षमता 80 टक्क्यांहून जास्त पडली. कुंडीतल्या प्रयोगात बहुधा उंची मोजतात, पानं मोजतात, हरितद्रव्य मोजतात आणि तीस-चाळीस दिवसांत रोप उपटतात. गाठी उघडून बघत नाहीत. नायट्रेट किती तयार झालं ते बघत नाहीत. त्याच कुंडीत दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी काय उगवलं, हे तर जवळजवळ कुणीच बघत नाही.

तिसरी गोष्ट मातीची. बंगळुरू-कोलारची माती लाल, हलकी, बरीचशी आम्लधर्मी. अशा मातीत जस्त ऑक्साइडचे कण लवकर विरघळतात आणि मोकळे आयन वाढतात. लातूर-परभणीची काळी चुनखडीयुक्त माती, सामू आठच्या वर. तिथे तेच जस्त चुन्याला आणि चिकणमातीला चिकटून बसतं. एका मातीतली मात्रा दुसऱ्या मातीत नेली तर एकीकडे ती विष होईल आणि दुसरीकडे वाया जाईल. पुस्तिकेत मात्र संपूर्ण देशाला एकच मात्रा छापलेली असते.

बाटली बाजारात आधी आणि पडताळा नंतर, या क्रमाने काय होतं ते नॅनो युरियाने दाखवलेलं आहे. नॅनो युरिया हा धातू नाही, पण धडा तोच आहे. 2021 मध्ये आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 4 टक्के नत्र, म्हणजे 20 ग्रॅम. तिने 45 किलोच्या गोणीची जागा घ्यायची, जिच्यात 20 किलोहून जास्त नत्र असतो. कोपनहेगन विद्यापीठाच्या फ्रँक आणि हुस्टेड यांनी 2023 मध्ये या दाव्याची जाहीर चिकित्सा केली. पंजाब कृषी विद्यापीठाच्या शेतांवरच्या चाचण्यांत भाताचं उत्पादन सुमारे 13 टक्क्यांनी घटलेलं दिसलं आणि गव्हालाही फटका बसला. तोवर युरियाच्या गोणीबरोबर बाटलीही घ्यायला लावतात, ही लिंकिंगची तक्रार महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पोचली होती. युरियात निदान एक दिलासा होता: चुकलं तर पुढच्या हंगामात सुधारता येतं. धातूच्या बाबतीत तो दिलासा नाही.

आणि विसंगती बघा. एकाच कृषी विभागाच्या शिफारशीत सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळायला सांगतात, किलोला 25 ग्रॅमप्रमाणे. ट्रायकोडर्मा मातीत मिसळायला सांगतात. शेतकरी ती पाकिटं विकत आणतो. आणि त्याच बियाण्यावर, त्याच मातीवर तांबं आणि चांदी यांचे नॅनोकण आणायचे, ज्यांची ख्यातीच मुळी जंतू मारण्याची आहे. नाशिकच्या द्राक्षबागांत मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या फवारलं गेलं, आणि जुन्या बागांच्या मातीत तांबं साठत जातं हे जगभरच्या द्राक्षपट्ट्यांना ठाऊक आहे. त्या मातीवर आणखी चपळ रूपातलं तांबं घालण्याआधी तिथल्या जिवाणूंची स्थिती तपासायला नको का?

असं म्हटलं की लगेच उत्तर येतं: तुम्हाला विज्ञान नको आहे. मी उलट म्हणतो. या लेखातला प्रत्येक आक्षेप वैज्ञानिकांनीच मोजून दिलेला आहे. तो वगळून फक्त वाढीचे आलेख दाखवणारे विज्ञान अर्धवट वापरतात. आणि क्षमतेचा प्रश्न तर बंगळुरूत उद्भवतच नाही. भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोविज्ञानाचं मोठं केंद्र आहे, नॅनो आणि मृदू पदार्थ विज्ञानाची वेगळी संस्था याच शहरात आहे, ‘बंगळुरू इंडिया नॅनो’ हे संमेलन इथे भरतं, आणि शहराच्या उत्तरेला जीकेव्हीके आवारात कृषी विद्यापीठ आहे. धातूचे कण एकेक करून मोजणारं तंत्र आज जगात उपलब्ध आहे. बेळ्ळंदूर अमानीकेरे आणि काडुबीसनहळ्ळीच्या शुद्धीकरण केंद्रांतला गाळ या प्रयोगशाळांपासून गाडीने तासा-दोन तासांवर आहे.

जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै 2020 मध्ये नॅनो कृषी उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. चांगलं पाऊल होतं. पण ती बाटलीतल्या उत्पादनासाठी आहेत. नाल्यातून, गाळातून, टँकरमधून बेनाम येणाऱ्या कणांना ती लागू पडत नाहीत. कोलारच्या टोमॅटोच्या सरीत मात्र दोन्ही वाटांचे कण एकत्र येऊ शकतात: वरून फवारणीचे, खालून पाण्याचे. दोन्हींची बेरीज करण्याची जबाबदारी आज कोणत्याही खात्याकडे नाही.

म्हणून मागणी नेमकी करतो. महादेवपुरा पट्ट्यातल्या शुद्धीकरण केंद्रांचा आणि गृहसंकुलांच्या एसटीपींचा गाळ शेतात किंवा बागेत जाण्याआधी त्यातली चांदी, जस्त, टायटॅनियम एकूणही मोजा आणि कणांच्या रूपातही मोजा. कोलारच्या तलावांखालच्या मातीत दरवर्षी नायट्रेट तयार होण्याचा वेग आणि शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी तपासा. याला महागडी यंत्रं लागत नाहीत, कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थीही ते करू शकतात. गाळ घेणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात तो अहवाल कन्नडमध्ये द्या. आणि केंद्र सरकारने 2024 मध्ये द्रवरूप नॅनो झिंक आणि नॅनो कॉपर यांना जी परवानगी दिली आहे, ती तीन वर्षांची आहे. 2027 मध्ये तिचा फेरविचार होईल तेव्हा टेबलावर लाल मातीचे, काळ्या मातीचे, सलग तीन हंगामांचे आणि जिवाणूंच्या मोजणीसह असलेले निकाल असले पाहिजेत. ते नसतील, तर मुदत वाढवू नये.